खटका पडतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पाऊस लागला की या सदराकडे विजेचे प्रश्न रांगेने येतात. या वेळी त्यांतले काही घेतले आहेत. आधी एक खुलासा, कारण बऱ्याच पत्रांत दोन वेगळ्या खटक्यांना एकच नाव दिलेलं आहे.

डीबीत, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या खटक्यांच्या पेटीत, ओळीने बसवलेले अरुंद खटके म्हणजे एमसीबी. जादा लोड आला किंवा शॉर्ट झालं की ते पडतात आणि वायर जळण्यापासून वाचते. शेजारी टेस्टचं बटण असलेला रुंद खटका दिसतो, तो आरसीसीबी. आपल्याकडचे वायरमन सवयीने त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. घरासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. परतीत तेवढी तूट आली की तो पडतो, कारण तुटीचा करंट ओल्या भिंतीतून, पाण्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जात असतो. ओव्हरलोडशी त्याचं काही देणंघेणं नाही.

प्रश्न : जून लागला की आमचा ईएलसीबी पडू लागतो. मिक्सर लावला की हमखास पडतो, म्हणून मिक्सर दुरुस्तीला दिला, तर दुकानदार म्हणतो मिक्सर चोख आहे. कधी कधी सगळे एमसीबी खाली करूनही ईएलसीबी वर राहत नाही. वायरमन म्हणतो, "पावसात असंच होतं, काढून टाकूया." काढावा का? (मालवण)

काढू नका. दुकानदाराचं म्हणणं बहुधा खरं आहे, मिक्सरचा यात दोष नसावा.

घरातले एमसीबी बहुतेक एकपदरी असतात, म्हणजे ते फक्त फेज तोडतात. सगळ्या सर्किटांच्या न्यूट्रल वायरी डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवर एकत्र जोडलेल्याच राहतात. आता समजा पडवीतल्या दिव्याच्या पेटीत पाणी शिरलं आणि तिथली न्यूट्रल ओल्या भिंतीला किंवा अर्थच्या वायरला लागली. घरात चार एलईडी दिवे चालू असतील तर एकूण करंटच इतका थोडा की त्यातला जमिनीकडे फुटणारा वाटा आरसीसीबीच्या खिजगणतीत नसतो. ७५० वॅटचा मिक्सर लागला की तीन अँपिअरच्या वर करंट वाहतो, फुटणारा वाटाही वाढतो आणि खटका पडतो. पडायला निमित्त मिक्सर, मूळ दुखणं पडवीत. एमसीबी सगळे खाली असताना तो का पडतो, याचंही उत्तर यातच आहे. वाडीतल्या इतरांच्या लोडमुळे न्यूट्रल आणि जमीन यांच्यात थोडे व्होल्ट असतातच. तेवढ्यावर करंट वाहायला आपल्या घरातला कुठलाही दिवा चालू असावा लागत नाही.

घरच्या माणसाने करायची तपासणी अशी. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, इन्व्हर्टर यांचे सगळे प्लग उपटा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग बाहेर यायला हवा. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करा. राहिला, तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर पडेल त्या सर्किटात फेजची गळती आहे. सगळे एमसीबी वर राहिले, तर प्लग एकेक करून परत लावा आणि कुठल्या यंत्रावर पडतो ते बघा. मात्र सगळे एमसीबी खाली असताना तो राहतच नसेल, किंवा कुठलंही मोठं यंत्र लावलं की पडत असेल, तर दोष न्यूट्रलचा धरून चालावं आणि तिथे आपण थांबावं. पुढचं काम वायरमनचं.

वायरमनने मेन बंद करून न्यूट्रल पट्टीवरच्या वायरी एकेक सोडवायच्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन तपासायच्या मीटरने) प्रत्येक वायर अर्थशी तपासायची. त्याआधी त्या सर्किटावरची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवलेली हवीत, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने ती जातील. १ मेगओहमच्या खाली आकडा आला की ती वायर संशयित. मेगर नसलेला वायरमन नुसत्या टेस्टरवर हा दोष शोधू शकत नाही, कारण न्यूट्रलवर टेस्टर पेटतच नाही. "काढून टाकूया" हा सल्ला पुष्कळदा इथूनच येतो.

शोध कुठून सुरू करायचा? गेटचा दिवा, पडवीतला दिवा, न्हाणीघराबाहेरचा बोर्ड, गच्चीवरच्या टाकीपाशी गेलेली वायर, आणि पश्चिमेच्या भिंतीतल्या पेट्या. आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून बसते. जांभ्याची भिंत पाणी पिते आणि आतली लोखंडी पेटी सप्टेंबरपर्यंत ओली राहते. बाहेरच्या पेटीत वायर नेहमी खालून घ्यावी. आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी टपकून जातं. वरून भोक पाडून घेतलेली वायर पाणी सरळ आत नेते, मग वर कितीही सिलिकॉन फासा.

एखादा वायरमन ३० ऐवजी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून तक्रार मिटवतो. तो पडायचा थांबतो हे खरं, पण ते आकडे आगीपासून बचावासाठी आहेत. माणसाला धक्का बसताना तो वेळेवर पडेल याचा भरवसा नाही. घर मोठं असेल आणि काहीच दोष नसताना खटका पडत असेल, तर तिसरी शक्यता उरते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो आणि फ्रिज, गिझर, संगणक यांची थोडी थोडी गळती मिळून तिथवर जाते. अशा वेळी सर्किटं वाटून ३० चेच दोन आरसीसीबी बसवावेत, आणि दोघांच्या न्यूट्रल पट्ट्या वेगळ्या ठेवाव्यात. पट्टी एकच ठेवली तर दोन्ही पडत राहतील.

प्रश्न : स्वयंपाकघराचा १६ अँपिअरचा एमसीबी सकाळच्या घाईत अर्ध्या तासाने पडायचा. वायरमनदादाने ३२ चा बसवून दिला, आता पडत नाही. पण सासूबाई म्हणतात बोर्ड गरम लागतो. (देवगड)

सासूबाईंचं ऐका आणि आजच तो ३२ चा काढायला लावा.

एमसीबीचा आकडा यंत्रावरून नाही, भिंतीतल्या वायरीवरून ठरतो. स्वयंपाकघराला साधारण अडीच एमएमची तांब्याची वायर असते. पाइपातून गेलेली ही वायर वीसेक अँपिअरपर्यंत निर्धास्त चालते, म्हणून तिला १६ चा, फार तर २० चा एमसीबी. एमसीबीचा नियम असा की आकड्याच्या १.४५ पट करंट वाहिला तर त्याने तासाभरात पडायचं. ३२ ची १.४५ पट म्हणजे ४६ अँपिअर. तेवढा करंट अडीच एमएममधून तासभर गेला तर इन्शुलेशन आतल्या आत भाजतं, आणि नियमाप्रमाणे एमसीबीची काही चूक ठरत नाही.

तुमच्याकडे काय होत असावं त्याचा हिशोब करू. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर, २००० वॅटची इंडक्शन शेगडी ८.७, इस्त्री ४.३. बेरीज २१.७, म्हणजे १६ च्या १.३६ पट. एवढ्यावर एमसीबी झटकन पडत नाही. आतली द्विधातूची पट्टी हळूहळू तापून वाकते आणि मग खटका सुटतो. तुमचा अर्धा तास तो हाच. पडायला किती वेळ लागतो हीच मोठी खूण आहे. वर करताक्षणी पडला तर शॉर्ट समजा. मोटार सुरू होताना पडला तर सुरुवातीचा जादा करंट किंवा अडकलेली मोटार. बऱ्याच वेळाने पडला तर थोडा ओव्हरलोड, नाहीतर सैल स्क्रू.

सैल स्क्रूचं कारण खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात फार आढळतं. तांब्यावर हिरवट थर चढतो, जोड नीट लागत नाही, तिथे उष्णता होते आणि ती एमसीबीच्या पट्टीपर्यंत पोचते. लोड जेमतेम १० अँपिअर असतानाही मग खटका पडतो. मेन बंद करून डीबीचं झाकण काढलं की दिसतं: एकाच वायरीच्या टोकाचं प्लास्टिक तपकिरी होऊन आखडलेलं, खाली स्क्रूवर काजळी. असं टोक नुसतं आवळून उपयोग नाही. जळका भाग छाटून, ताजं तांबं उघडं करून, टिनचा मुलामा असलेला लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची नळी) दाबून बसवावा. एमसीबीचं तोंड करपलं असेल तर तोही बदलावा. समुद्राजवळच्या घरांनी वर्षातून एकदा, पावसाआधी, डीबीतले सगळे स्क्रू वायरमनकडून आवळून घ्यावेत.

तुमचा खरा उपाय म्हणजे गिझरला डीबीपासून स्वतंत्र चार एमएमची वायर आणि २० चा एमसीबी. स्वयंपाकघराला पुन्हा १६ चा.

पडलेला एमसीबी वर करण्याचीही रीत आहे. लोड कमी करा, दोनचार मिनिटं निवू द्या, दांडी आधी पूर्ण खाली दाबा आणि मग वर करा. लगेच पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा हात लावू नका.

प्रश्न : गिझर चालू असताना नळाला झिणझिण्या येतात. अर्थिंग केलेलं आहे, पण घर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहे. अर्थिंग असून असं का? एमसीबी तरी का पडत नाही? (गुहागर)

आधी गिझर बंद करा आणि कॉइल तपासेपर्यंत वापरू नका. उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

गिझरच्या कॉइलचं आवरण फुटलं की फेज टाकीच्या पत्र्याला येतो. पत्रा अर्थच्या वायरीला जोडलेला असतो, म्हणून करंट जमिनीत जातो. किती जातो ते जमिनीवर ठरतं. सड्यावरच्या जांभ्यात पाणी टिकत नाही, मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा असतो. तिथल्या अर्थपिटाचा (अर्थिंगचा पाइप पुरलेल्या खड्ड्याचा) रोध २० ओहम असणं काही विशेष नाही. २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर. १६ च्या एमसीबीला हा रोजचाच करंट वाटतो, तो पडणार कशाला? शॉर्ट समजून तत्काळ पडायला सी प्रकारच्या एमसीबीला आकड्याच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. तोवर गिझरचा पत्रा, नळ आणि घरातल्या प्रत्येक थ्री-पिन यंत्राचं धातूचं अंग, सगळं जिवंत. एकट्या अर्थिंगवर कोकणात विसंबून चालत नाही ते यासाठी.

आरसीसीबी असता तर ११.५ अँपिअर सोडाच, त्याच्या शंभराव्या भागावरही तो पडला असता. हिशोबाने बघितलं तर ५० व्होल्टच्या सुरक्षित मर्यादेत ३० मिलिअँपिअरच्या खटक्याला सुमारे १६०० ओहमपर्यंतचं अर्थिंग पुरतं. म्हणून अर्थिंग तसंच ठेवावं असा अर्थ नाही. पण पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी आरसीसीबी घ्या. तुमच्या डीबीत तो नाही, किंवा कोणी तरी त्याच्या दोन बाजू वायरीने जोडून टाकल्या आहेत, असं पत्रावरून दिसतं.

आता अर्थपिट. पिटाची जागा सड्यावर घराच्या मागे नको, पाणी मुरतं तिथे हवी. विहिरीच्या बाजूला किंवा न्हाणीचं पाणी जातं त्या अळ्याजवळ घ्या, पायापासून दीड मीटर तरी लांब. ३८ ते ४० मिलिमीटर व्यासाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप किमान अडीच मीटर खोल जायला हवा. खाली कातळ लागला म्हणून एक मीटरवर आडवा टाकून वर माती लोटलेले पिट बरेच दिसतात, त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. तुमच्याकडे खोल जातच नसेल तर दोन पिट करून जोडावेत, दोघांत पाइपाच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवून. मीठ-कोळशाची भर आपल्या पावसात धुऊन जाते, शिवाय मीठ पाइपाला खातं. बेंटोनाइट या चिकणमातीची भर जास्त टिकते. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी पिटात ओता. रोध मोजायचा तोही मे महिन्यात. ऑगस्टमधला आकडा फसवा असतो.

"सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाका, तोच अर्थ" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. न्यूट्रल कुठेही तुटली की त्याच घटकेला फ्रिजच्या दाराला फेज येतो.

प्रश्न : विहिरीतल्या पाणबुडी पंपाचा खटका पावसात पडतो, उन्हाळ्यात संध्याकाळी पडतो, हिवाळ्यात ठीक. नारळीच्या वाडीला पाणी लागतं. (वेंगुर्ले)

दोन वेगळे आजार आहेत. पावसातला बहुधा केबलच्या जोडाचा. विहिरीचं पाणी वर चढलं की उन्हाळ्यात कोरडा असलेला जोड बुडतो. नुसती काळी टेप गुंडाळलेला जोड पाण्यात टिकत नाही. आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी किंवा रेझिनचं जॉइंट किट वापरावं, आणि शक्य असेल तर पाण्यात जोडच ठेवू नये. पंप दोरावर टांगायचा, केबलवर नाही.

उन्हाळ्यातला आजार व्होल्टेजचा. संध्याकाळी २३० चे १८० झाले की मोटार तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, तापते आणि खटका पडतो. इथे मोठा एमसीबी लावणं म्हणजे मोटारीचं वाइंडिंग जाळणं. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावून घ्या आणि पाणी पहाटे काढा. स्टार्टरची पेटीही उघडून बघा. मुंग्यांना ती जागा फार आवडते आणि कॉन्टॅक्टमध्ये चिरडलेल्या मुंग्यांनी खटका चिकटून बसतो.

पंपाला वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे विहिरीतल्या दोषाने घर अंधारात जाणार नाही. विहिरीत उतरायचं झालं तर मेन बंद करून त्याला कुलूप लावा आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात ठेवा.

प्रश्न : वादळी वाऱ्यात दिवे एकदम प्रखर झाले, पंखे भन्नाट फिरले आणि टीव्ही, राउटर गेले. एमसीबी मात्र एकही पडला नाही. निसर्ग वादळानंतर आम्ही सगळं वायरिंग नवं केलं होतं. (श्रीवर्धन)

वायरिंगचा दोष नाही. ३ जून २०२० च्या वादळासारखा वारा नसला तरी माडाची एक झावळ लाइनवर पडून न्यूट्रल तोडायला पुरते. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येणाऱ्या तीन फेजना न्यूट्रल एकच असते. ती तुटली की शेजारच्या फेजवरची घरं आणि तुमचं घर एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं. एमसीबी करंट मोजतो, व्होल्टेज नाही, म्हणून तो गप्प राहिला. दिवे असे फुलले, किंवा काही फुलले आणि काही मंदावले, की पहिलं काम मेन बंद करण्याचं. मग महावितरणला १९१२ वर कळवा. यापुढच्यासाठी मेनपाशी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, तो ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की पुरवठाच तोडतो. वीज चमकून येणाऱ्या झटक्यासाठी एसपीडी हे वेगळं साधन आहे, एकाचं काम दुसरा करत नाही. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग आणि डिशची केबल काढून ठेवणं हा बिनपैशाचा उपाय.

तुटलेली तार अंगणात पडली असेल तर ती मेलेली समजू नका. १० मीटरच्या आत कोणी जाऊ नये, गुरंही नकोत. आतच सापडलात तर पावलं एकमेकांना चिकटवून, घसटत बाहेर या. लांब ढांग टाकली तर दोन पायांमधल्या जमिनीत व्होल्टेजचा फरक पडतो.

प्रश्न : चतुर्थीला माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीला, दिव्यांच्या माळा सोडतो. काय सांभाळावं? (कणकवली)

माटवीच्या डहाळ्या, फळं ओली असतात आणि लाकडी चौकटीत खिळे असतात, म्हणून माळेची वायर खिळ्याला अडकवू नका, सुतळीने बांधा. जुन्या माळेतला गेलेला दिवा कापून वायरी पिळून जोडलेल्या असतील तर ती माळ यंदा फेकून द्या. एकाच एक्स्टेंशनवर माळा, पंखा आणि भजनाचा अॅम्प्लिफायर चालेल. त्यावर पाहुण्यांच्या चहाची इलेक्ट्रिक किटली नाही चालणार. सॉकेट आरसीसीबीच्या मागे असावं आणि रात्री निजताना माळा बंद.

प्रश्न : आम्ही मुंबईला, गावचं घर गणपती आणि शिमग्यालाच उघडतं. जाताना मेन बंद करतो, घरात इन्व्हर्टर आहे. आल्यावर काय बघावं? (राजापूर)

नुसता मेन बंद केला तर इन्व्हर्टर त्याला लाईट गेली असं समजतो आणि बॅटरी संपेपर्यंत घरात वीज सोडत राहतो. मेन बंद, म्हणून बोर्ड उघडला, आणि धक्का बसला, तो असा. जाताना आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करा, बॅटरीची एक वायर सोडवा, मग मेन.

आल्यावर वीज लावण्याआधी डीबीचं दार उघडून उजेडात नीट बघा. मेलेली पाल, कुंभारणीचं मातीचं घर, हिरवे पडलेले स्क्रू, यांपैकी काही दिसलं तर वायरमन येईपर्यंत मेन लावू नका. दिसलं नाही तर सगळे एमसीबी खाली ठेवून मेन आणि आरसीसीबी वर करा आणि टेस्टचं बटण दाबा. खटका ताबडतोब पडायला हवा. बरेच महिने न हललेला आरसीसीबी खाऱ्या दमट हवेत आतून अडकून बसतो. बटण दाबूनही पडला नाही तर तो बदलल्याशिवाय घर चालू करू नका. राहत्या घरातही हे बटण महिन्यातून एकदा दाबावं. एक लक्षात असू द्या, बटणाने खटका पडतो म्हणजे खटका ठीक आहे एवढंच कळतं. अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही बटण दाबून तो पडतोच.

प्रश्न : आमच्याकडे अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. एमसीबी लावायलाच हवेत का? (दापोली)

फ्यूजमध्ये योग्य तार असेल तर तो वायर वाचवतो. पण त्यात हाताला लागेल ती तार घातली जाते, तिथेच घोटाळा होतो. बदलेपर्यंत अँपिअर छापलेल्या पाकिटातलीच तार वापरा: दिव्यांना ५ ची, पॉवर सॉकेटला १५ ची, एकच पदर, दुहेरी नाही. न्यूट्रलवरही किटकॅट असेल तर तिथला फ्यूज काढून जाड तांब्याचा लिंक टाकून घ्या. न्यूट्रलचा फ्यूज गेला की दिवा विझतो आणि वायरीत फेज तसाच राहतो. मीटरच्या आधीचं, खांबाकडच्या बाजूचं कटआउट आणि सील मात्र महावितरणचं, त्याला तुमच्या वायरमननेही हात लावायचा नाही.